थंडीत घरातल्या कुंडीतल्या लिंबाला खत कधी आणि किती घालायचं

थंडी पडली की लिंबाची पानं पिवळी दिसायला लागतात आणि आपण लगेच खताची पिशवी काढतो. मी पण तेच केलेलं. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात हॉलच्या खिडकीतल्या कागदी लिंबाला चमचाभर युरिया घातला, आठ दिवसात पानांची टोकं करपली आणि निम्मी पानं गळून गेली, फार वाईट वाटलं. झाड उपाशी नव्हतंच, त्याची मुळं गारठलेली होती.

लिंबू, संत्रं, मोसंबी कुठलंही घ्या, माती साधारण १३ डिग्रीच्या खाली गेली की मुळांचं काम जवळपास थांबतं. आपल्या कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १४-१५ पर्यंत येतो, कधी त्याच्याही खाली, आणि गार फरशीवरच्या कुंडीतली माती ऊन आलं तरी लवकर तापत नाही. वर पानांना खिडकीतनं ऊन लागतंय, ती पाणी मागतायत आणि खाली मुळं देत नाहीत, मग झाड पानं टाकतं. अशात घातलेलं खत मातीतच साठतं आणि मुळं भाजतात.

म्हणून खताच्या आधी कुंडी फरशीवरनं उचला, खाली लाकडी फळी किंवा दोन विटा ठेवा. पाणी सकाळी टाकीतलं गार ओतू नका, अकराच्या सुमारास द्या आणि बोटाची दोन पेरं माती कोरडी लागली तरच द्या.

आता खत. डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत नवीन पालवी नसेल तर काहीच घालू नका, खरंच काही नाही. पण आपल्याकडं दिवसा चांगलं ऊन असतं, दक्षिणेच्या खिडकीतलं झाड थंडीतही फुटत राहतं, तसं असेल तर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं पाण्यात विरघळणारं खत) एक लिटर पाण्यात १ ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाव भाग, महिन्यातनं एकदाच, तेही माती ओलसर असताना.

पिवळेपणा कुठल्या पानावर आहे ते बघा, सगळं त्यातच कळतं. जुनी पानं सरसकट पिवळी तर नत्र कमी. जुन्याच पानाच्या देठाकडं हिरवा त्रिकोण आणि बाकी पिवळं, तर मॅग्नेशियम. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोह किंवा जस्त मिळत नाहीये, आणि थंडीत हेच जास्त दिसतं कारण गार मुळं ते उचलत नाहीत, त्यात काळी चुनखडीची माती किंवा बोअरचं जड पाणी असेल तर अजूनच. इथं मातीत खत वाढवून उपयोग नाही, कृषी सेवा केंद्रात मायक्रोन्यूट्रिएंट ग्रेड २ (लोह, जस्त वगैरे असलेलं फवारणीचं खत) मिळतं ते पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच पानांवर फवारा, दुपारच्या उन्हात नको.

शेंगदाणा पेंडीचं पाणी उन्हाळ्यात ठीक आहे, थंडीत घरात नको, ते लवकर कुजत नाही, वास येतो आणि बारीक माश्या होतात. गुऱ्हाळं सुरू असतात म्हणून काहीजण गुळाचं पाणी ओततात, ते तर अजिबात नको, मुंग्या येतात आणि मुंग्यांमागनं मावा, मिलीबग या रस शोषणाऱ्या किडी येतात.

कुंडीच्या काठाला पांढरा थर दिसला तर ते क्षार आहेत, उन्हाच्या दिवशी कुंडी बाहेर नेऊन खालनं भरपूर पाणी निघेपर्यंत साधं पाणी ओता आणि पूर्ण निथळू द्या.

संक्रांत झाली की मात्र हात सैल सोडा. आंबे बहाराची, म्हणजे लिंबाच्या थंडीअखेरच्या बहाराची, फुलं जानेवारी-फेब्रुवारीतच येतात, शेतकरी सुद्धा आधी पाणी तोडून ताण देतात आणि मग खत-पाणी सुरू करतात. वरची इंचभर माती खरवडून दोन मुठी गांडूळखत आणि छोटी मूठ निंबोळी पेंड मिसळा, आठवड्यानं १९:१९:१९ लिटरला २ ग्रॅम करून दर पंधरा दिवसांनी सुरू ठेवा. कळ्या दिसल्यावर कुंडीची जागा बदलू नका आणि माती एकदम कोरडी पडू देऊ नका, नाहीतर आलेल्या कळ्या झडतात.