मोटरहोमच्या मागे छोटी कार कशी न्यावी

अमेरिकेत मोटरहोमने, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीने फिरणाऱ्यांची खरी अडचण मुक्कामी पोहोचल्यावर सुरू होते. तीस फुटांचे घर कॅम्पग्राउंडवर उभे करून त्याला पाणी, वीज आणि सांडपाण्याचा पाइप जोडला, की दूध आणण्यासाठी ते पुन्हा हलवणे जिवावर येते. म्हणून घराच्या मागे छोटी कार जोडून नेण्याची पद्धत तिकडे रुळली आहे. आपल्याकडे बंद गाडीला दोर बांधून ‘टोचन’ करतात, ते चित्र मात्र डोळ्यांसमोरून पुसून टाकावे. टोचनाच्या गाडीत स्टिअरिंग आणि ब्रेक सांभाळायला कोणीतरी बसलेले असते, येथे कोणीही नसते.

पद्धती तीन आहेत: कारची चारही चाके रस्त्यावर ठेवून टो-बारने (दोन हातांच्या जोडदांड्याने) ओढणे, पुढची दोन चाके डॉलीवर (दोनचाकी छोट्या गाड्यावर) चढवणे, किंवा सबंध कार ट्रेलरवर घालणे. यांपैकी कोणती वापरायची हे बहुतेक वेळा आपण नव्हे, तर कारच ठरवते. म्हणून पहिली पायरी म्हणजे कारचे मॅन्युअल उघडून तिला चारही चाकांवर ओढता येते का, हे वाचणे. अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरत राहिली, तर आतले भाग तेलाविना घासले जातात आणि काही तासांत गिअरबॉक्स निकामी होऊ शकतो. जीप रँग्लरचा ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सकडून आलेली ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा भाग, न्यूट्रलमध्ये टाकून चाके गिअरबॉक्सपासून सोडवता येतात, म्हणून ती या कामासाठी लोकप्रिय आहे. होंडा सीआर-व्ही २०१४च्या मॉडेलपर्यंत अशी ओढता येते, २०१५पासूनची नाही. नाव तेच असले तरी वर्ष बदलले की उत्तर बदलते, त्यामुळे विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

दुसरी पायरी वजनाची आहे. फोर्ड ई-४५० चासीवरच्या मोटरहोमचे उदाहरण घ्या. भरलेल्या मोटरहोमची मर्यादा १४,५०० पौंड आणि मागच्या ओझ्यासह एकूण मर्यादा २२,००० पौंड. वजाबाकीने ७,५०० पौंड उरतात. पण मागच्या हिचवर, म्हणजे ओझे जोडण्याच्या आकड्यावर, ५,००० पौंडांचा शिक्का असेल, तर ५,००० हीच आपली मर्यादा, कारण साखळीतली सर्वांत कमजोर कडी हिशोब ठरवते. साधारण ४,००० पौंडांची दोन दारी रँग्लर त्यात बसते, पण तीच कार सुमारे २,००० पौंडांच्या ट्रेलरवर चढवली की बसत नाही.

डॉली पुढच्या चाकांवर चालणाऱ्या कारसाठी ठीक आहे: पुढची चाके पट्ट्यांनी आवळायची, हँडब्रेक सोडायचा आणि काही मैल गेल्यावर पट्ट्या पुन्हा ताणायच्या. ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी डॉलीवर चढवू नये. शिवाय मुक्कामी पोहोचल्यावर रिकामी डॉली ठेवायची कुठे, हा प्रश्न उरतोच. कार परवानगी देत असेल, तर माझी पसंती टो-बारलाच आहे.

टो-बारसाठी कारच्या सांगाड्याला बेसप्लेट, म्हणजे टो-बार अडकवायची लोखंडी चौकट, बसवावी लागते. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. हिच आणि बेसप्लेट यांच्या उंचीत तीन-चार इंचांपेक्षा जास्त फरक नसावा, अन्यथा ब्रेक लागताच कार मोटरहोमच्या खाली घुसू पाहते किंवा वर चढू पाहते. फरक जास्त असेल, तर उंची जुळवणारा ड्रॉप रिसीव्हर लावावा.

जोडणी सपाट जागी, दोन्ही वाहने एका रेषेत उभी करून करावी. आधी टो-बारचे दोन्ही हात बेसप्लेटला पिनांनी जोडून पिनांना क्लिप लावावी. मग सुरक्षेच्या केबल खालून एकमेकींना छेद देतील अशा अडकवाव्यात, दिव्यांची वायर जोडावी, आणि कार सुटलीच तर तिचा ब्रेक आपोआप दाबणाऱ्या यंत्रणेची बारीक तार अडकवावी. त्यानंतर कारचा ब्रेक चालवणारे उपकरण सुरू करून गिअरकडे वळावे. जुन्या सीआर-व्हीत इंजिन चालू करून गिअर सगळ्या स्थानांतून फिरवायचा, ‘डी’ (ड्राइव्ह) मध्ये पाच सेकंद थांबायचे, मग न्यूट्रलमध्ये आणून इंजिन तीन मिनिटे चालू ठेवून बंद करायचे, रिव्हर्समधून थेट न्यूट्रलमध्ये मात्र आणायचे नाही. हँडब्रेक सोडला आहे ना, हे हाताने चाचपून पाहावे. विसरला, तर मागची चाके फरफटत जातात आणि पुढे बसलेल्याला जळक्या रबराचा वासही येत नाही. शेवटी एकाने ब्रेक आणि इंडिकेटर दाबावेत, दुसऱ्याने मागे उभे राहून पाहावे.

निघताना मोटरहोम हळूहळू पुढे न्यावे. टो-बारचे दोन्ही हात ताणून ‘खट्, खट्’ असे दोन आवाज आले की ते लॉक झाले. एकच आवाज आला, तर खाली उतरून पाहावे. कॅलिफोर्नियात मागे वाहन ओढताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर आहे. टो-बार किंवा डॉली असताना रिव्हर्स घेऊ नये, कारण कारची पुढची चाके वळून आडवी होतात आणि सगळा भार टो-बारवर येतो. म्हणून पेट्रोल पंपावर शिरण्याआधी समोरून बाहेर पडता येईल का हे पाहावे. अडकलात, तर कार सोडवण्याशिवाय उपाय नाही.

सोडवताना सर्वांत आधी कारचा हँडब्रेक ओढावा. रँग्लरचा ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असेपर्यंत गिअर ‘पार्क’मध्ये असूनही गाडी घरंगळू शकते, त्यामुळे तो पुन्हा गुंतवल्याशिवाय पिन काढू नये. पिन घट्ट बसली असेल, तर हातोडा मारण्याआधी कोणालातरी कारचे स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवायला सांगावे. ताण सुटला की ती बहुधा हातानेच निघते.