आवाज डब्यातून येतोय? आधी फोनचं कव्हर काढा

फोनवर समोरचा माणूस ‘आवाज नीट येत नाहीये’ म्हणाला की बहुतेक लोक जोरात बोलायला लागतात, मग गॅलरीत जातात, आणि तरी जमलं नाही तर नेटवर्कला शिव्या देतात. पुण्यात आमच्या सहकारनगरच्या सोसायटीत कोणाच्या घरी काय चाललंय ते या गॅलऱ्यांमुळेच सगळ्यांना कळतं. फोनचं कव्हर काढून बघावं, हे मात्र कोणाच्या डोक्यात येत नाही.

मी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होते. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे कॉल बुक व्हायचे. सोलापूरची लाइन जोडून द्यायची, दोन्हीकडे ऐकू येतंय ना ते बघायचं आणि बाजूला व्हायचं. एसटीडी आलं, लोक परगावचा नंबर स्वतःच फिरवायला लागले आणि ते काम आटलं. पण ऐकू येत नाही म्हणजे नेमकं काय येत नाही, आणि दोष कुठल्या टोकाला आहे, हे ओळखायची सवय अजून आहे. म्हणून सोसायटीतली पोरं ‘काकू, जरा बघा ना’ म्हणत फोन घेऊन येतात.

सगळ्यात आधी एक गोष्ट लक्षात घ्या. कव्हर ज्याचं असतं त्याला दोष ऐकूच येत नाही. जुन्या काळ्या फोनमध्ये आपलं बोलणं थोडं आपल्याच कानात परत यायचं. खात्यात त्याला साइडटोन म्हणायचे. माऊथपीसमधली कोळशाची भुकटी गोठली की तो आवाज पडायचा, लोक रिसीव्हर तळहातावर आपटायचे आणि पुढे बोलायचे. मोबाइलमध्ये हे परत येणं अगदीच नावापुरतं असतं. तुमच्या माइकवर रबराची जाड कड आली तरी तुम्हाला समोरच्याचा आवाज स्वच्छच येणार, आणि तुम्ही खुशाल म्हणणार, ‘मला तर नीट येतंय, तुझ्याकडेच काहीतरी आहे.’ म्हणून तपास समोरच्याला विचारूनच सुरू करायचा.

काय विचारायचं

नुसतं ‘नीट येतंय का’ विचारलंत तर लोक भिडेखातर ‘हो’ म्हणतात. ‘कसा येतोय?’ असं विचारा.

‘लांबून’, ‘डब्यातून’, ‘तोंडावर फडकं धरल्यासारखा’ असं उत्तर आलं तर संशय खालच्या माइकवर. चार्जिंगच्या खाचेशेजारी जे बारीक भोक किंवा जाळी असते, ती ही. कव्हर जाड असेल तर भोक उघडं असूनही आवाज बिघडतो, कारण माइकच्या पुढे एक छोटी नळीच तयार होते आणि काही सूर तिच्यात घुमतात.

‘शब्द तुटतायत, शेवटची अक्षरं जातायत’ असं म्हणाले तर प्रकरण जरा मजेशीर आहे. बहुतेक फोनना किमान दोन माइक असतात, एक खाली, दुसरा वरच्या कडेला. आयफोनला मागे कॅमेऱ्याजवळही एक असतो. फोन कानाला लावल्यावर खालचा तोंडाजवळ येतो, त्यामुळे त्यात तुमचं बोलणं मोठं येतं. वरच्यात ते बारीक येतं, पण भोवतीचा गोंगाट दोन्हीकडे साधारण सारखा. या फरकावरून फोन ठरवतो की ठेवायचं काय आणि गाळायचं काय. आता कव्हरने खालचं भोक अर्धवट झाकलं, तर तुमचं बोलणं दोन्हीकडे सारखंच बारीक. मग फोन तुम्हालाच गोंगाट समजतो आणि शब्द गिळायला लागतो. उलट, वरचं भोक झाकलं गेलं तर फोनला गोंगाटाचा अंदाज येत नाही, आणि कर्वे रोडचे सगळे हॉर्न तुमच्या आत्याच्या कानात जातात.

‘मला माझाच आवाज परत ऐकू येतोय’ ही तक्रार आली, आणि तीही तुम्ही स्पीकरवर असताना, तर गुन्हेगार तुमचा फोन. इथे सगळेजण फसतात. ज्याला प्रतिध्वनी येतो तो स्वतःचा फोन बदलायला निघतो, आणि दोष असतो दुसऱ्या टोकाला. सैल कव्हर आणि फोन यांच्यामध्ये फट राहते. स्पीकरचा आवाज त्या फटीतून आतल्या आत माइकपर्यंत जातो आणि समोरच्याचं बोलणं त्यालाच परत पोचतं. फोन हा प्रतिध्वनी पुसायचा प्रयत्न करतो, पण कव्हरच्या आतून थेट आलेला आवाज त्याला आवरत नाही.

तुम्हालाच समोरच्याचं बारीक ऐकू येत असेल तर माइकचा संबंध नाही. कानाजवळची वरची जाळी बघा. बहुतेक वेळा टफनची, म्हणजे स्क्रीनवर चिकटवलेल्या काचेची, कड तिच्यावर चढलेली असते, नाहीतर पावडर, क्रीम आणि घामाचा थर जमलेला असतो. बोलता बोलता आपोआप म्यूट होत असेल तर तोही टफनचाच प्रताप असू शकतो. फोन कानाला लावलाय हे ओळखणाऱ्या वरच्या सेन्सरच्या कामात काचेने अडथळा आणला की कधीकधी स्क्रीन विझत नाही आणि गालाने बटणं दाबली जातात.

खात्री कशी करायची

दोन फोन आणि दोन माणसं लागतात. एकाने स्वयंपाकघरात, दुसऱ्याने बेडरूममध्ये, दारं बंद करून. एकाच खोलीत बसलात तर तुमचा खरा आवाजच ऐकू येईल आणि परीक्षा फुकट जाईल. मग हे वाक्य वाचा, किंवा असंच दुसरं रचा: ‘सहा शेजारणींनी सकाळीच फरसाण, शेव, चकली आणि साखरफुटाणे संपवले.’

स, श, फ, च मुद्दाम घेतले आहेत. या अक्षरांची ओळख वरच्या, तीक्ष्ण सुरांमध्ये असते, आणि आवाज झाकला की आधी तेच सूर मरतात. जुन्या टेलिफोन लाइनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा. त्यामुळे ‘फडके’ सांगितलं की पलीकडे ‘सडके’ ऐकू यायचं आणि आम्हाला प्रत्येक नावाची अक्षरं फोडून सांगावी लागायची. आता ४जीवरच्या कॉलमध्ये, ज्याला व्होल्टी म्हणतात, पट्टा साधारण ७००० हर्ट्झपर्यंत जातो. म्हणून हल्ली फोनवर माणूस समोर बसल्यासारखा वाटतो. नेमकी हीच वरची मिळकत शंभर-दीडशे रुपयांचं कव्हर गिळून टाकतं.

वाक्य एकदा कव्हर घालून म्हणा, एकदा काढून, पण कधी घातलंय ते ऐकणाऱ्याला सांगू नका. क्रम उलटसुलट करा. ऐकणाऱ्याने कागदावर ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ लिहायचं. आधीच सांगून ठेवलंत तर मनाचे खेळ सुरू होतात. आमच्याकडे एका गृहस्थांनी कव्हर हातात घेऊन ‘आता बघा, आता बघा’ म्हणत घरच्यांकडून हवं ते उत्तर वदवून घेतलं होतं.

साध्या कॉलवर करून झालं की व्हॉट्सॲप कॉलवर करा, आणि मग स्पीकरवर. तिन्हीकडे फोन आवाज वेगळ्या पद्धतीने हाताळतो. व्हॉइस रेकॉर्डरमध्ये बोलून ‘माइक ठीक आहे’ असा निकाल देऊ नका. तिथे गोंगाट गाळण्याचं काम कॉलसारखं चालत नाही. मागच्या माइकची शंका असेल तर मागच्या कॅमेऱ्याने बोलत बोलत व्हिडिओ काढा आणि ऐका. सेल्फी व्हिडिओत आयफोनचा पुढचा माइक तपासून होतो. सॅमसंगच्या बऱ्याच फोनवर डायलरमध्ये *#०*# टाकलं की चाचण्यांचा पडदा उघडतो. त्यात रिसीव्हर, म्हणजे कानाजवळचा स्पीकर, आणि मोठा स्पीकर स्वतंत्रपणे वाजवून बघता येतात.

कव्हर काढल्यावरही फरक पडला नाही तर हात कसा धरता ते बघा. मोठा फोन पेलायला बरेच जण करंगळी खाली टेकवतात, आणि ती बरोबर माइकवर बसते. मंडई मेट्रो स्टेशनात जमिनीखाली उभं राहून तपास करू नका. तिथे शब्द तुटले तर ते नेटवर्कचंही असू शकतं. आवाज यंत्रमानवासारखा, तुकड्या-तुकड्यांत येत असेल तर तो बहुधा नेटवर्कचाच दोष असतो. धातूचं कव्हर असेल तर मात्र तेही काढून बघा, धातू रेडिओ लहरी अडवतो. गाडीतल्या चुंबकी स्टँडसाठी जी पत्री चिकटवतात ती कव्हरच्या मधोमध असावी, वर किंवा खाली नको. अँटेना बहुतेक त्या कडांना असतात.

कव्हर टाकून न देता

भोक सरकलेलं किंवा लहान असेल तर ते मोठं करता येतं. कागदाची अरुंद पट्टी घ्या, फोनच्या खालच्या कडेवर ठेवा, चार्जिंगची खाच आणि माइकचं भोक पेन्सिलीने उमटवून घ्या. तीच पट्टी कव्हरच्या कडेवर खाचेला खाच जुळवून लावा. माइकची जागा अचूक मिळते. मग फोन बाजूला ठेवायचा. हे आवर्जून सांगते, कारण फोनवर कव्हर असतानाच सुई खुपसणारे वीर मी पाहिले आहेत. तापवलेल्या सुईने भोक पडतं, पण वितळलेल्या प्लास्टिकची कड वर येते आणि पुन्हा आवाज अडतो. त्यापेक्षा पट्ट्याला भोकं पाडायचा पंच चांगला. चप्पल दुरुस्त करणाऱ्या काकांकडे तो असतो. भोक तीन मिलिमीटरच्या आसपास ठेवा आणि बाहेरच्या बाजूने ब्लेडने कड तिरकी छाटा, म्हणजे नळी न होता तोंड पसरट होतं.

फोनच्या भोकात मात्र काहीही घालायचं नाही. सिम काढायची पिन माइकच्या भोकात घालून आतली जाळी किंवा पडदा फाडलेले फोन दुरुस्तीवाल्यांकडे नेहमी येतात. दोन्ही भोकं दिसायला सारखी, म्हणून आधी नीट बघून घ्या. सिमचं भोक ट्रेच्या चौकटीत असतं. साफसफाईला कोरडा, मऊ ब्रश पुरे, फोन उलटा धरून. हवेचा फवारा, फुंकर, सॅनिटायझर नको.

कव्हर मात्र साबणाच्या पाण्याने धुवा. पोळ्या लाटताना फोन ओट्यावर असतो, कणीक उडते, आणि ती कव्हरच्या खालच्या कोपऱ्यात साठून दमटपणाने घट्ट बसते. रंगपंचमीनंतरही हीच कथा. भोसरी, चिंचवडला लेथवर काम करणाऱ्यांचा फोन वेगळाच आजारी पडतो. कानाजवळच्या स्पीकरमध्ये चुंबक असतं, त्याला लोखंडाची कीस चिकटते आणि जाळी बुजते. त्यांनी चुंबकाचं झाकण असलेलं फ्लिप कव्हर घेऊच नये. धुतलेलं कव्हर पूर्ण वाळल्याशिवाय चढवू नका, कडेला राहिलेला पाण्याचा थेंब माइकच्या भोकात जाऊन बसतो. पावसाळ्यातल्या प्लास्टिकच्या पाऊचमधून बोलायचंच असेल तर इअरफोन लावा. अख्खा फोन झाकलेला असताना आवाजाची अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

नवीन घेताना

बुधवार पेठेत तापकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबापाशी गेलात की ‘सेमच आहे, बसतंय’ हे ऐकावं लागेल. बसणं आणि जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी. एकाच नावाच्या फोनचे ४जी, ५जी, प्रो असे भाऊ असतात आणि त्यांची भोकं एकाच जागी असतील असं नाही. सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून पूर्ण मॉडेल नंबर बघून ठेवा, नुसतं नाव सांगू नका.

कव्हर चढवून फोन उजेडाकडे धरा आणि खाली, वर, मागे प्रत्येक भोक कव्हरच्या भोकाच्या मधोमध दिसतंय का बघा. मागे कॅमेऱ्याभोवती उंच कड असेल तर तिच्यात मागचा माइक दबला नाही ना, तेही बघा. फ्लिप कव्हर घेत असाल तर पुढचं झाकण मागे दुमडून बघा. बहुतेक जण बोलताना तसंच धरतात आणि मागचा माइक झाकला जातो. पैसे देण्याआधी तिथेच उभं राहून घरी एक कॉल लावा. त्या गल्लीतल्या गर्दीत, रिक्षा आणि हातगाड्यांच्या मध्ये घरच्यांना तुमचं वाक्य अक्षरन् अक्षर कळलं तर कव्हर घ्या. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या.

आणि कव्हर, टफन दोन्ही काढून, जाळ्या साफ करूनही तक्रार तशीच राहिली, तर फोन दुरुस्तीला न्या. काउंटरवर नुसतं ‘आवाज खराब’ म्हणू नका. कानाला लावून बोलताना, स्पीकरवर की व्हॉट्सॲपवर, आणि समोरच्याला की तुम्हाला, हे चिठ्ठीवर लिहून द्या, म्हणजे कुठला माइक उघडून बघायचा ते त्यांना कळेल.