आवाज मोजताना या चुका टाळा

तालुक्याच्या ठिकाणी रुग्णांच्या आवाजाची तपासणी करणाऱ्या नव्या सहकाऱ्यांचे अहवाल माझ्याकडे येतात आणि त्यांत त्याच त्या चुका असतात. त्यांतली माझ्या सर्वांत डोक्यात जाणारी चूक कूलरची आहे.

विदर्भात मार्च सरता सरता लोखंडी कूलर सुरू होतो आणि आठवडाभरात तो आपल्याला ऐकू येईनासा होतो. माइकला मात्र तो ऐकू येतच असतो. यवतमाळ जिल्ह्यात एका प्राथमिक शिक्षिकेचे पहिले ध्वनिमुद्रण आम्ही जानेवारीत केले होते आणि दुसरे, उपचारानंतर, एप्रिलच्या अखेरीस. बाईंचा आवाज मोकळा झाल्याचे कोणालाही कळले असते, पण संगणकावर शिमर, म्हणजे स्वराच्या लागोपाठच्या कंपनांच्या जोरातला फरक, वाढलेला होता आणि एचएनआर, म्हणजे स्वर आणि गोंगाट यांचे गुणोत्तर, जानेवारीपेक्षाही खाली आले होते. सहकाऱ्याने ‘उपचाराचा उपयोग नाही’ असे लिहून सहीसुद्धा केली. मी हेडफोन लावून ती फाइल ऐकली, तर बाईंच्या लांबवलेल्या ‘आ’मागे कूलरच्या पंख्याची अखंड घरघर. पुन्हा मुद्रण करण्यासाठी कूलर बंद करावा लागेल, असे सांगितल्यावर बाई म्हणाल्या, “घाम येईन त येऊ द्या मॅडम, पण तो कागद त बदलन ना जी?” कागद बदलला.

निरोगी माणसाच्या ‘आ’चा एचएनआर साधारण 20 डेसिबल असतो, म्हणजे शंभर भागांत एक भाग गोंगाट. तो एक भाग स्वरतंतूंच्या फटीतून निसटलेल्या हवेचा आहे की खिडकीतल्या कूलरचा, हे सॉफ्टवेअरला सांगता येत नाही. म्हणून रुग्ण बसण्याआधी मी रिकाम्या खोलीचे पाच सेकंद मुद्रण करते. आवाज आणि ही शांतता यांत किमान 30 डेसिबलचे अंतर नसेल, तर मी शिमर आणि जिटर (कंपनांच्या कालावधीतला फरक) मोजतच नाही. ‘मॅडम, वेळ नाही’ म्हणणाऱ्यांना माझे उत्तर असे, की मग आकडेही नकोत, कानाने ऐकून आवाजाचा बिघाड जोखण्याच्या ग्रबास (GRBAS) मापनावर 0 ते 3 गुण द्या; ते अधिक प्रामाणिक होईल.

दुसरी चूक जास्त धोकादायक आहे. भजनी मंडळातले एक बुवा आले होते. वर्षानुवर्षांचा तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि अडीच महिने बसलेला आवाज. त्यांचा ‘आ’ इतका खरखरीत होता की प्राट या आवाज मोजण्याच्या सॉफ्टवेअरला मूलभूत वारंवारिता, म्हणजे स्वरतंतू सेकंदाला किती वेळा कंप पावतात तो आकडा, सापडत नव्हती. नवशिक्या सहकाऱ्याने पिचची (ही वारंवारिता शोधण्याची) मर्यादा 75 ते 500 हर्ट्‌झवरून खालीवर सरकवत शेवटी एक जिटर मिळवला आणि विजयी मुद्रेने अहवालात लिहिला. जिटर हा लागोपाठच्या आवर्तनांच्या, म्हणजे कंपनांच्या, कालावधीतला फरक असतो. आवर्तनेच ओळखता येत नसतील, तर तो आकडा कशाचा? आवाजाचे संशोधक इंगो टिट्झे यांच्या वर्गीकरणात अशा अनियमित ध्वनीला तिसरा प्रकार म्हणतात आणि तिथे कानावर व स्पेक्ट्रोग्रामवर (ध्वनीच्या वारंवारितांच्या चित्रावर) विसंबावे लागते. मुळात आवाज चार आठवड्यांत सुटला नसेल, तर स्वरयंत्र डोळ्यांनी पाहणे, म्हणजे कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून लॅरिंगोस्कोपी, आवश्यक असते. तंबाखू असेल तर तेवढेही थांबू नये. बुवांना मी त्याच दिवशी चिठ्ठी देऊन जिल्ह्याला पाठवले. संगणकावर आकडा दिसला की तपासणी झाली, ही समजूत घाईच्या माणसांना फार सोयीची वाटते.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते. व्हॉट्सॲपवर आलेला आवाज मोजू नये. दाबलेल्या फाइलीत सूक्ष्म फरक विरतात, म्हणून 44.1 किलोहर्ट्‌झची न दाबलेली वेव्ह फाइलच हवी. माइक तोंडासमोर धरला तर श्वासाचे फटकारे नोंदले जातात. मी हेडसेट माइक ओठांच्या कोपऱ्यापासून चार बोटांवर, तिरका ठेवते. ‘आ’ म्हणा म्हटले की गाणारी माणसे आलाप सुरू करतात, तेव्हा ‘रोज बोलता तेवढ्याच पट्टीत’ असे सांगून स्वतः एकदा म्हणून दाखवावे आणि मोजताना सुरुवात व शेवट सोडून मधलाच भाग घ्यावा. हळू आणि मोठ्या आवाजातले जिटर-शिमर एकमेकांशी ताडून पाहू नयेत, कारण मोठ्याने म्हटले की ते आपोआप कमी येतात. दम किती पुरतो हे एकाच प्रयत्नावर ठरवू नये. तीनदा घ्यावे आणि सर्वांत लांब ‘आ’ नोंदवावा.

फाइलचे नाव ‘न्यू 1’ ठेवणाऱ्यांविषयी मी लिहीत नाही. माझ्या फाइलीच्या नावात तारीख, खोली, माइक आणि ‘कूलर बंद’ हे दोन शब्द असतात.