कौन्सिलचं बजेट आणि बचतीची उद्दिष्टं: वर्षभर नजर कशी ठेवावी

मार्चमध्ये इंग्लंडमधल्या घराघरांत कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेच्या (कौन्सिलच्या) कराचं बिल येतं. यंदा किती वाढला ते आपण बघतो आणि बिल फाइलला लावून टाकतो. त्याच सुमारास कौन्सिलने आणखी एक आकडा मंजूर केलेला असतो: येत्या वर्षात खर्चातून किती पौंड वाचवायचे. वाचनालय आठवड्यातून किती दिवस उघडं राहणार, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे मदतनीस किती वेळा येणार, हे बरंचसं त्या आकड्यावर ठरतं. एप्रिलनंतर त्याचं काय झालं, हे कुणीही तपासू शकतं. तीन महिन्यांतून एक संध्याकाळ पुरते.

आधी मूळ कागद मिळवा

कौन्सिल टॅक्स ११ मार्चपूर्वी ठरवणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे बजेटची सभा फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला होते. कौन्सिलच्या वेबसाइटवर सभांच्या विभागात ‘फुल कौन्सिल’च्या, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या त्या सभेचे कागद सापडतात. ती शेकडो पानं पाहून घाबरू नका. त्यातल्या तीनच गोष्टींशी आपलं काम आहे: बचतीच्या प्रस्तावांची यादी (ती बहुधा परिशिष्टात असते), राखीव निधीचा तक्ता आणि मुख्य वित्त अधिकाऱ्याचं निवेदन. बजेटमधले अंदाज भरवशाचे आहेत का आणि गंगाजळी पुरेशी आहे का, हे या अधिकाऱ्याने लेखी सांगावं असं २००३ च्या लोकल गव्हर्नमेंट कायद्याचं कलम २५ सांगतं. हे निवेदन मी शब्दन् शब्द वाचते. सरकारी भाषेत ‘काळजीपूर्वक लक्ष ठेवावे लागेल’ असं जिथे लिहिलेलं असतं, वर्षअखेरीस दुखणं बहुतेकदा तिथूनच निघतं.

वहीत दहा ओळी

सगळ्या बचती उतरवू नका, सर्वांत मोठ्या दहाच घ्या. प्रत्येकीपुढे रक्कम, खातं, आणि ती नेमकी कशातून होणार ते लिहा. ‘कार्यक्षमता वाढवून’ किंवा ‘सेवेची पुनर्रचना करून’ एवढंच लिहिलं असेल, तर त्या ओळीवर लाल खूण करा. कंत्राट संपतंय, इमारत विकायची आहे, अमुक इतकी पदं कमी होणार आहेत, असं ठोस कारण असलेली बचत पुढे तपासता येते. नुसत्या शब्दांची बचत तपासायची कशी?

तिमाही अहवाल वाचा

वर्ष चालू असताना बजेटचा आढावा घेत राहणं हे कौन्सिलचं कायदेशीर कर्तव्य आहे. पहिल्या तिमाहीचा, म्हणजे एप्रिल ते जूनचा अहवाल कौन्सिलच्या कॅबिनेटपुढे (कारभार पाहणाऱ्या मोजक्या नगरसेवकांच्या समितीपुढे) यायला बरेचदा सप्टेंबर उजाडतो. बैठकीचे कागद किमान पाच पूर्ण कामकाजाच्या दिवसांआधी जाहीर करावे लागतात, म्हणजे वाचून प्रश्न तयार करण्याइतका वेळ आपल्याला मिळतो.

पहिल्या पानावर ठळक आकडा असतो: वर्षअखेरीस बजेटपेक्षा किती जास्त खर्च होईल याचा अंदाज. बहुतेक लोक तिथेच थांबतात. तुम्ही बचतीच्या तक्त्यापर्यंत जा. तिथे बहुधा प्रत्येक बचतीपुढे रंग असतो: हिरवा म्हणजे बचत ठरल्याप्रमाणे होतेय, पिवळा म्हणजे शंका आहे, लाल म्हणजे होण्याची चिन्हं नाहीत.

समजा, उद्दिष्ट १.२ कोटी पौंडांचं आहे. त्यातले ५० लाख हिरवे, ४० लाख पिवळे, ३० लाख लाल. पण पहिल्या पानावर जादा खर्च मात्र १० लाखच दिसतोय. मग लाल रंगातले उरलेले २० लाख कुठे गेले? शोधलं की सापडतं: काही पदं रिकामी ठेवली, आकस्मिक खर्चाची तरतूद वापरली, थोडी रक्कम गंगाजळीतून काढली. वर्ष निभावलं, पण बचत झालीच नाही. पुढच्या वर्षी नवं उद्दिष्ट ८० लाखांचं ठरलं, तर खरं ओझं १.१ कोटींचं होतं, कारण जुने ३० लाख तसेच उभे असतात. म्हणून माझ्या वहीत दोन वेगळे रकाने आहेत: ‘कायमची बचत’ आणि ‘यंदापुरतं ठिगळ’. एवढं केलं तरी निम्मं काम झालं.

पिवळा रंग तीन तिमाह्या पिवळाच राहिला, तर तो लाल धरा.

वाचताना ‘जनरल फंड’वरच, म्हणजे रोजच्या सेवांच्या मुख्य खात्यावरच लक्ष ठेवा. कौन्सिलच्या भाड्याच्या घरांचा हिशेब कायद्याने वेगळा असतो, तो यात मिसळला की गोंधळ होतो.

गंगाजळीची उतरण पाहा

मागच्या चार वर्षांच्या राखीव निधीच्या शिलका एकाखाली एक लिहा. ठरावीक कामासाठी बांधून ठेवलेला निधी वगळा आणि मोकळा किती उरतो ते पाहा. तो दरवर्षी घटत असेल, तर घरखर्चासाठी सोनं मोडणं चालू आहे. खर्च उत्पन्नात बसेनासा झाला की वित्त अधिकाऱ्याला ‘सेक्शन ११४’ नोटीस काढावी लागते. त्यानंतर नव्या खर्चाला जवळजवळ चाप लागतो आणि कौन्सिलला २१ दिवसांत सभा घ्यावी लागते. नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये २०१८ साली, क्रॉयडनमध्ये २०२० साली आणि बर्मिंगहॅममध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये हे झालं. बर्मिंगहॅमकरांना पुढच्याच वर्षी टॅक्समध्ये जवळपास १० टक्के वाढ सोसावी लागली. म्हणून नोटिशीची वाट न पाहता आधीच विचारायला हवं.

विचारा, आणि लेखी विचारा

सुरुवात वॉर्डच्या नगरसेवकाला ईमेल करून करा. मोघम तक्रार नको, एका ओळीचा प्रश्न हवा: “पहिल्या तिमाहीत लाल दाखवलेली अमुक बचत कायमस्वरूपी कधी होणार आणि तोवरची रक्कम कुठून येणार?” अनेक कौन्सिलांच्या सभेत नागरिकांनाही प्रश्न विचारता येतात. उत्तर टाळलं, तर माहिती अधिकारात अर्ज करा, त्याला २० कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ५०० पौंडांवरचे खर्च तर कौन्सिलला स्वतःहूनच प्रसिद्ध करावे लागतात. कंत्राटावरची बचत खरी की खोटी, हे त्या यादीवरून पडताळता येतं.

दरवर्षी ३० कामकाजाचे दिवस हिशेबाची कागदपत्रं पाहण्यासाठी खुली असतात. त्या काळात स्थानिक मतदार थेट लेखापरीक्षकाला प्रश्न विचारू शकतो, हरकतही नोंदवू शकतो. भारतीय पासपोर्ट असला तरी, इथे वैध वास्तव्य असलेल्या प्रौढ माणसाला कॉमनवेल्थ नागरिक म्हणून मतदार यादीत नाव घालता येतं. आपल्यातल्या कितीतरी जणांना हे माहीतच नाही. नाव नसेल तर आजच नोंदवा, ऑनलाइन पाच मिनिटांत होतं. कागदपत्रं पाहण्याच्या त्या ३० दिवसांची सूचना कौन्सिलच्या वेबसाइटवर लागते. ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.