मिनिओमध्ये फाइल डिलीट केली, तरी डिस्क भरलेलीच
मिनिओ म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारा फाइलींचा साठा. ॲपमधून फाइल डिलीट होते, सर्व्हरकडून २०४ (‘काम झालं’ असा कोड) येतो, यादीतही ती दिसत नाही. डिस्कवरची जागा मात्र मोकळी होत नाही. अशा वेळी मी आधी बकेटचं, म्हणजे फाइली ठेवायच्या कप्प्याचं, व्हर्जनिंग (जुन्या आवृत्त्या जपून ठेवण्याची सोय) तपासतो. ते चालू असेल तर साध्या डिलीटने फाइल पुसली जात नाही, तिच्यावर शून्य बाइटचा डिलीट मार्कर (‘डिलीट केली’ अशी नुसती खूण) बसतो आणि जुना डेटा तसाच खाली राहतो. २०४ वर विसंबू नका, मुळात नसलेल्या फाइललाही तोच येतो.

मिनिओच्या ‘एमसी’ या कमांड-लाइन साधनातून ‘एमसी एलएस --व्हर्जन्स’ (mc ls --versions) चालवलं की मार्कर आणि त्याखालच्या आवृत्त्या दिसतात. कोडमधून कायमचं काढायचं तर डिलीटच्या विनंतीत व्हर्जन आयडी द्यावाच लागतो. इथे बरेच जण अडकतात: ॲपच्या की-ला (ॲप ज्या खात्याने मिनिओला जोडतं त्याला) आवृत्ती डिलीट करायची परवानगी नसेल, तर ४०३ (परवानगी नाही) येतो. परवानग्या ठरवणारी पॉलिसी तपासा.

हाताने साफसफाई करत बसण्यापेक्षा लाइफसायकल नियम (ठरावीक दिवसांनी आपोआप काढून टाकणारा) बरा. जुन्या आवृत्त्या ७ दिवसांनी जाव्यात आणि एकटे उरलेले मार्करही निघावेत, असा नियम मी लावला. तो अमलात आणणारा मिनिओचा स्कॅनर मागे सावकाश फिरतो, त्यामुळे जागा लगेच सुटत नाही. डेटाच्या फोल्डरमध्ये शिरून थेट ‘आरएम’ (फाइल पुसण्याची लिनक्स कमांड) मात्र कधीच करू नका. आणखी एक: ऑब्जेक्ट लॉक (ठरावीक मुदतीपर्यंत फाइल डिलीट होऊ न देणारं कुलूप) ‘कम्प्लायन्स’ या कडक प्रकारावर असेल, तर मुदत संपेपर्यंत रूट (सर्वाधिकार असलेल्या) खात्यालाही ती आवृत्ती काढता येत नाही.