जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी चार्ज होत नाही? आधी अर्थ (अर्थिंग) तपासा

सेल्फ मारला की नुसतं टक् टक्, आणि बघायला येणारा प्रत्येक जण सांगतो, "बॅटरी गेली, नवी घाला." घालू नका. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) फिरणाऱ्या छोट्या डिझेल ट्रॅक्टरवर मी या सल्ल्यापायी दोन धडधाकट बॅटऱ्या आणि एक रेग्युलेटर (डायनॅमोचं व्होल्टेज आवरून बॅटरीला देणारा डबा) वाया घालवला.

बॅटरी बाहेरून पूर्ण चार्ज करा, रात्रभर ठेवा, सकाळी 12.6 व्होल्टच्या आसपास हवेत. टर्मिनल घासा, बेल्ट ताणा, फ्यूज बघा.

इंजिन चालू करून रेस वाढवा. बॅटरीवर 13.8 ते 14.5 आले तर चार्जिंग ठीक आहे. 15 च्या वर गेले तर रेग्युलेटर बदला, नाहीतर बॅटरी उकळेल. आकडा 12.6 च्या वर चढतच नसेल, तर आता अर्थ, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी बॉडीची आणि वायरची जोडणी.

मी इथेच फसलो. इंजिन बंद ठेवून मल्टीमीटरची शिट्टी (वायर तुटलेली नाही हे सांगणारा आवाज) वाजवून बघायचो. वाजली की अर्थ चांगला असं धरायचो. वायरची एकच तार शाबूत असली तरी शिट्टी वाजते, पण चार्जिंगचा करंट तेवढ्यातून जात नाही. अर्थ तपासायचा तो इंजिन चालू ठेवून, दिवे लावून. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर धरा, लगवर (वायरच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या जोडावर) नव्हे. दुसरं रेग्युलेटरच्या उघड्या धातूवर. 0.2 च्या वर व्होल्ट दिसले तर अडथळा सापडला. शून्य दिसलं म्हणून लगेच सुटलात असं नाही, कारण डायनॅमोच मेला असेल तरी शून्यच दिसेल. म्हणून इंजिन बंद करून रेग्युलेटरच्या बॉडीपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जाड वायर लावा आणि पुन्हा चालू करा. बॅटरीवरचा आकडा उडी मारून चढला, तर दोष अर्थचाच.

आमच्याकडे पावसाळ्याआधी ट्रॅक्टरला रंग दिला होता आणि रेग्युलेटर त्या रंगावरच आवळला होता. त्याची बॉडीच त्याचा अर्थ असते. बोल्टाखालचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा, लग नवा दाबा, वर पेट्रोलियम जेली लावा. जुनी वायर सोलून आत हिरवी निघाली तर पूर्ण बदला; जोड देऊ नका.

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून "बंद पडलं नाही, म्हणजे डायनॅमो चांगला" असं दाखवणाऱ्याला हात लावू देऊ नका. अशा जुन्या, साध्या डिझेल इंजिनला चालत राहायला वीज लागतच नाही, तेव्हा त्यातून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय व्होल्टेज उसळून रेग्युलेटर जळू शकतो.

अर्थ पक्का करूनही चार्जिंग नसेल, तर दोन वायरींच्या चुंबकी डायनॅमोचा प्लग रेग्युलेटरपासून सोडवा आणि त्या वायरींमध्ये एसी व्होल्ट मोजा. रेस वाढवताना आकडा वाढत गेला तर रेग्युलेटर बदला. हललाच नाही तर डायनॅमो वाइंडिंगवाल्याकडे न्या.