सीएसआर-१पायी अडकलेली मदत अशी सुटली
मे २०२१. धारणी तालुक्यातल्या आमच्या छोट्या संस्थेला एका कंपनीची तातडीची मदत मंजूर झाली. पण पैसे येईनात. १ एप्रिलपासून सीएसआर निधी, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी दिलेला पैसा, घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ हा सरकारी फॉर्म भरून नोंदणी बंधनकारक झाली होती, आम्हाला पत्ताच नव्हता. १२ए, ८०जी ही आयकर सवलतीची नोंदणी होती. अडलं सचिवांच्या डिजिटल सहीपाशी. तिची पडताळणी व्हिडिओवर, आणि गावात रेंज नाही! शेवटी सचिवांना, आमच्या भाऊंना, गाडीवर बसवून टेकडीवर नेलं. पॅनकार्ड हातात धरून त्यांनी नाव सांगितलं. अमरावतीच्या सीएंनी फॉर्म प्रमाणित केला, भरताच क्रमांक आला. तुमच्या संस्थेची सही आणि नोंदणी आधीच काढून ठेवा, हात जोडून सांगते. त्या मदतीतून आलेला पहिला ऑक्सिमीटर एका आजीच्या बोटाला लावला: ऑक्सिजन ८८, म्हणजे कमी. तशीच दवाखान्यासाठी गाडी काढली.